बाळाच्या जन्माची नोंद: दवाखान्यातल्या अर्जापासून दाखला हातात येईपर्यंत

आपल्याकडे साठीच्या पुढच्या कितीतरी माणसांचा वाढदिवस 1 जूनला असतो. शाळेत नाव घालायला नेलं तेव्हा जन्मतारखेचा कागद नव्हता, गुरुजींनी वयात बसेल अशी तारीख लिहिली आणि तीच आयुष्यभर चालली. नोकरी, निवृत्ती, पेन्शन, सगळं तिच्यावर निभावलं. आज जन्मणाऱ्या बाळाचं तसं निभणार नाही.

जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा 1969 चा. 2023 मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि ती 1 ऑक्टोबर 2023 पासून लागू आहे. त्या दिवशी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाची जन्मतारीख आणि जन्मस्थळ सिद्ध करायला आता जन्म दाखला हाच एक कागद धरला जातो. शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी, विवाह नोंदणी, सरकारी नोकरी, आधार, सगळीकडे तोच. पासपोर्टच्या नियमांतही फेब्रुवारी 2025 मध्ये तसाच बदल झाला. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर पासपोर्ट काढायची सोय या मुलांना नाही.

नोंद करणं अवघड नाही, वेळेत केली तर पैसेही लागत नाहीत. ती बिघडते दोन ठिकाणी: मुदत चुकते, नाहीतर अर्जात लिहिलेली अक्षरं कोणी तपासत नाही. मुदत चुकल्याची भीती सगळ्यांना असते. खरा त्रास मात्र दुसऱ्या प्रकारातून होतो, कारण ती चूक कळते तेव्हा मूल पहिलीत जाणार असतं किंवा परदेशाचा व्हिसा अडलेला असतो. म्हणून या लेखात अर्जावर सगळ्यात जास्त वेळ घालवला आहे.

नोंद कुठे होते?

जिथे जन्म झाला तिथे. आईवडील कुठे राहतात, रेशनकार्ड कुठलं आहे, सासर कुठलं, याचा संबंध नाही. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली पद्धत असल्यामुळे ही गोष्ट आधी समजून घ्यायला हवी. मुलीचं सासर पिंपरीत, माहेर बार्शीत आणि बाळंतपण बार्शीच्या दवाखान्यात झालं, तर नोंद बार्शी नगरपरिषदेत होणार. पिंपरीच्या कार्यालयात कितीही चकरा मारल्या तरी तिथे ते नाव सापडणार नाही. दाखल्यावर आईवडिलांचा कायमचा पत्ता वेगळ्या रकान्यात येतोच, तेव्हा पिंपरीचा पत्ता दाखल्यावर असेल. जन्माचं ठिकाण मात्र बार्शीच.

सिंधुदुर्गातून बाळंतपणासाठी बांबोळीला गेलेल्या आईच्या बाळाची नोंद गोव्यात होते. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला गेलेल्या जोडप्याचं बाळ कोल्हापूरकडच्या कारखान्याच्या फडात जन्मलं तर नोंद तिथल्या ग्रामपंचायतीत, आणि कर्नाटकातल्या फडात जन्मलं तर कर्नाटकात. या कुटुंबांसाठी हे फार महत्त्वाचं आहे. पट्टा पडला, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपला, आणि टोळी गावाकडे परतली, की त्या दूरच्या गावी कागदासाठी पुन्हा जाणं जवळपास होतच नाही. तेव्हा मुकादमाला सांगून, फडाजवळच्या आशा ताईंना गाठून, तिथून हलण्याआधीच नोंद करून घ्यावी आणि दाखल्याची प्रत सोबत आणावी.

नोंद करणाऱ्या अधिकाऱ्याला निबंधक म्हणतात. गावात हे काम ग्रामपंचायतीत चालतं. ज्यांना आपण ग्रामसेवक म्हणत आलो त्यांचं पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी झालं आहे. शहरात नगरपरिषद किंवा महापालिकेचा जन्म-मृत्यू विभाग असतो, मोठ्या महापालिकांत प्रभागाप्रमाणे वेगवेगळी कार्यालयं असतात. बऱ्याच सरकारी रुग्णालयांत निबंधकाचे अधिकार तिथल्याच वैद्यकीय अधिकाऱ्याकडे असतात, म्हणजे नोंदही तिथे आणि दाखलाही तिथेच. दवाखान्यात नाव घालतानाच विचारून घ्या: ‘इथल्या बाळंतपणाची नोंद कोणत्या कार्यालयात जाते?’ या एका प्रश्नाने पुढची बरीच पायपीट वाचते.

सातव्या महिन्यात करायचं काम

डोहाळजेवणाच्या गडबडीत एक दुपार यासाठी काढा. आईचं आणि वडिलांचं आधार कार्ड, असेल तर पासपोर्ट, पॅन आणि विवाह नोंदणीचा दाखला शेजारी शेजारी ठेवा आणि नावं वाचा. अक्षर न अक्षर वाचा.

आपल्याकडे घोळ कुठे होतात ते ठरलेलं आहे. वडील आधारवर ‘दत्तात्रय’, पॅनवर ‘दत्तात्रेय’. एका कागदावर ‘पांडुरंग’, दुसऱ्यावर ‘पांडुरंगराव’. आजोबांचं नाव मधल्या नावात कधी पूर्ण, कधी नुसतं आद्याक्षर. ‘ज्ञानेश्वर’ इंग्रजीत लिहिताना एका ठिकाणी ‘डी’ने सुरू होतं, दुसऱ्या ठिकाणी ‘जी’ने. ‘वैशाली’च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये कुठे ‘एच’ आहे, कुठे नाही. जन्म दाखला मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत निघतो, त्यामुळे दोन्ही लिपींतली नावं आधी ठरलेली हवीत.

आईच्या नावाचा प्रश्न वेगळा आणि जास्त नाजूक. लग्नानंतर बऱ्याच जणींचं आधार माहेरच्या नावाने राहतं, बँकेचं खातं सासरच्या नावाने असतं, आणि दवाखान्यात नाव घातलेलं असतं ते नवऱ्याने किंवा सासूबाईंनी सांगितलेलं. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. माहेरचं नाव ठेवायचं असेल तर निर्धास्त ठेवा आणि बाळाच्या नोंदीतही तेच लिहा. बदलायचं असेल तर आधार, पॅन आत्ताच, बाळंतपणाआधी बदलून घ्या. बाळाच्या दाखल्यावर एक नाव आणि आईच्या कागदांवर दुसरं, अशी स्थिती येऊ देऊ नका. निर्णय त्या आईचा आहे, तिला विचारूनच तो व्हावा.

महाराष्ट्रात आईच्या नावाचं महत्त्व आता आणखी वाढलं आहे. राज्य सरकारने मार्च 2024 मध्ये घेतलेल्या निर्णयाप्रमाणे 1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाचं नाव शाळेच्या आणि इतर शासकीय कागदांत आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, या क्रमाने लिहायचं आहे. म्हणजे आईचं नाव मुलाच्या पूर्ण नावातच येतं. ते चुकलं तर मुलाचं नाव चुकलं.

सगळं जुळलं की एका कोऱ्या कागदावर आईचं पूर्ण नाव, वडिलांचं पूर्ण नाव, कायमचा पत्ता पिनकोडसह, दोघांचे आधार क्रमांक, मोबाइल क्रमांक आणि ईमेल लिहा. नावं मराठीत आणि इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहा. कागदाच्या दोन प्रती काढा. एक दवाखान्याच्या पिशवीत, माता-बाल संरक्षण कार्डाच्या आत ठेवायची, दुसरी घरातल्या जबाबदार माणसाकडे द्यायची.

दवाखान्यातला अर्ज

दवाखान्यात जन्म झाला तर निबंधकाला कळवायची कायदेशीर जबाबदारी दवाखान्याची असते, आईवडिलांची नाही. जन्माची माहिती ‘नमुना 1’ या अर्जात भरली जाते आणि 21 दिवसांच्या आत निबंधकाकडे जाते. आता हे काम केंद्र सरकारच्या सीआरएस (नागरी नोंदणी प्रणाली) या पोर्टलवर ऑनलाइन चालतं.

जबाबदारी दवाखान्याची असली तरी माहिती तुमची आहे. आणि ती विचारली जाते ती नेमकी चुकीच्या वेळी, चुकीच्या माणसाला. आई शस्त्रक्रियेतून बाहेर आलेली असते, वडील रक्ताची पिशवी आणायला धावलेले असतात, आणि वॉर्डच्या दारात उभ्या असलेल्या मामाला सिस्टर विचारतात, ‘बाळाच्या आईचं पूर्ण नाव काय? शिक्षण? लग्न झालं तेव्हा वय?’ मामा भाचीचं घरातलं नाव सांगून मोकळा होतो. अशा वेळी तोंडी काही सांगू नका. पिशवीतला कागद काढून द्या आणि म्हणा, ‘यावरून उतरवून घ्या.’

अर्जाचे दोन भाग असतात. पहिला कायदेशीर माहितीचा: जन्मतारीख, मुलगा की मुलगी, बाळाचं नाव, आईवडिलांची नावं आणि आधार क्रमांक, जन्माचं ठिकाण, पत्ता, माहिती देणाऱ्याचं नाव आणि सही. दाखल्यावर जे छापून येतं ते याच भागातून. दुसरा भाग आकडेवारीचा: आईवडिलांचं शिक्षण आणि व्यवसाय, धर्म, आईचं लग्नाच्या वेळचं आणि आताचं वय, आधीची मुलं किती, प्रसूती कशी झाली, बाळाचं वजन, गर्भारपण किती आठवड्यांचं होतं. हे दाखल्यावर येत नाही, पण खरं सांगा. कोणत्या भागात बाळं कमी वजनाची जन्मतात, कुठे मुली लहान वयात आया होतात, हे सरकारला याच रकान्यांतून कळतं. लग्नाच्या वेळचं वय लपवण्याकडे अनेकांचा कल असतो. लपवल्याने कोणाचंही भलं होत नाही.

पहिल्या भागात पुढच्या गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

जन्मतारीख. रात्री बारानंतर जन्मलेल्या बाळाची तारीख पुढची. पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो, म्हणून मंगळवारी पहाटे दोनला झालेल्या बाळाला आजी ‘सोमवारचा’ म्हणेल, आणि पत्रिकेच्या हिशेबात ते बरोबरही असेल. नोंदीत मात्र मंगळवारची तारीख हवी. दवाखान्याच्या नोंदवहीतली वेळ आणि अर्जातली तारीख जुळते का ते पाहा.

लिंग. मुलाच्या जागी मुलगी किंवा उलट, ही चूक होते, विशेषतः एकाच रात्री बरीच बाळंतपणं झाली असतील तर. जुळी असतील तर प्रत्येक बाळाचा अर्ज वेगळा, नोंदणी क्रमांक वेगळा. आधी कोण, नंतर कोण, कोणाचं वजन किती, हे दोन्ही अर्ज समोर ठेवून वाचा.

आईवडिलांची नावं. ‘सौ.’, ‘श्री.’, ‘राव’, ‘बाई’, ‘साहेब’ यातलं काही चिकटलेलं नाही ना? आधारवर असेल तरच असू द्या. आडनाव शेवटी आहे की चुकून पहिल्या रकान्यात गेलंय?

पत्ता. बाळाच्या जन्माच्या वेळचा आणि कायमचा, असे दोन पत्ते विचारतात. माहेरी असलेल्या बाळंतिणीच्या बाबतीत इथेच गोंधळ होतो आणि दोन्ही ठिकाणी माहेरचा पत्ता पडतो. कायमच्या पत्त्यात तुमचं कायमचं घर लिहा.

मोबाइल आणि ईमेल. पोर्टलवरचे संदेश आणि दाखला याच पत्त्यावर येतात. दवाखान्यातल्या कारकुनाने सोयीसाठी दवाखान्याचाच नंबर टाकला असेल तर नम्रपणे बदलायला लावा.

नोंद ऑनलाइन पाठवण्याआधी पडद्यावर किंवा छापील मसुद्यावर एकदा वाचून दाखवायला सांगा. निबंधकाने नोंद पक्की करण्याआधी दुरुस्ती करणं सोपं असतं. पक्की झाल्यावर तीच दुरुस्ती अर्ज, पुरावे आणि शेऱ्याच्या वाटेने जाते. सिस्टर आणि कारकून कामाच्या रगाड्यात असतात, त्यांच्यावर खेकसून उपयोग नाही, पण वाचून बघण्याचा तुमचा हक्क सोडू नका. मसुद्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

निघताना डिस्चार्ज कार्ड घ्याच. शिवाय जन्माची माहिती निबंधकाकडे कधी पाठवली ती तारीख, आणि पोर्टलचा अर्ज क्रमांक असेल तर तोही लिहून घ्या. भारताच्या महानिबंधकांनी 2025 मध्ये राज्यांना सांगितलं आहे की आईला घरी सोडण्याआधीच तिच्या हातात जन्म दाखला द्यावा, खास करून सरकारी रुग्णालयांत. सगळीकडे हे होतंच असं नाही, पण मागायला हरकत नाही.

बाळाचं नाव

नाव ठरलेलं नसलं तरी नोंद होते. हे इतकं महत्त्वाचं आहे की पुन्हा सांगतो: नाव ठरायचंय म्हणून नोंद थांबवू नका. नावाचा रकाना कोरा सोडता येतो.

तसं पाहिलं तर घाईची गरजही नाही. बारसं बाराव्या दिवशी, मुदत एकवीस दिवसांची. आत्याने कानात नाव सांगितलं की दुसऱ्या दिवशी दवाखान्याला कळवलं तर नावासह नोंद होऊ शकते, दवाखान्याने तोवर अर्ज पाठवला नसेल तर. त्यांना आधी सांगून ठेवा. सांगायचं राहिलं आणि अर्ज गेला, तरी काही बिघडत नाही.

टाळायची गोष्ट एकच: तात्पुरतं नाव. ‘बाळ’, ‘बेबी’, ‘छकुली’, किंवा पत्रिकेतून निघालेलं, फक्त विधीपुरतं ठेवलेलं नाव अर्जात टाकू नका. कोऱ्या रकान्यात नाव घालणं सोपं आहे, लिहिलेलं नाव बदलणं फार कठीण. कायदा चुकीची दुरुस्ती करू देतो. मन बदललं म्हणून नाव बदलणं ही दुरुस्ती धरली जात नाही.

नावाशिवाय नोंद झाली असेल तर नोंदणीच्या तारखेपासून 12 महिन्यांच्या आत आई किंवा वडिलांनी निबंधकाकडे अर्ज करून नाव घालायचं. याला शुल्क नाही. त्यानंतर शुल्क भरून नोंदणीपासून 15 वर्षांपर्यंत नाव घालता येतं. सोबत बिननावाचा दाखला, आईवडिलांचे ओळखपुरावे आणि दोघांच्या सहीचा साधा अर्ज न्या. मूल शाळेत जात असेल तर शाळेतलं नाव आणि तुम्ही सांगताय ते नाव एकच हवं. पहिला वाढदिवस ही स्वतःसाठी शेवटची तारीख ठरवा.

इंग्रजी स्पेलिंग बारशाच्या आधीच पक्कं करा. अंकशास्त्राच्या नादाने दोन ‘ए’ किंवा जास्तीचा ‘एच’ घालायचा असेल तर तो आत्ता घाला आणि मग सगळीकडे तसाच ठेवा.

घरी किंवा वाटेत जन्म झाला तर

घरी जन्म झाला तर कळवायची जबाबदारी कुटुंबप्रमुखाची, तो हजर नसेल तर जवळच्या नातेवाइकाची किंवा घरातल्या वयाने मोठ्या माणसाची. मुदत तीच, 21 दिवस. मेळघाट, नंदुरबार, गडचिरोलीच्या दुर्गम पाड्यांवर आजही काही बाळंतपणं घरी होतात. तिथे आशा, अंगणवाडी सेविका आणि परिचारिका ताई यांची मोठी मदत होते, त्यांच्या नोंदवहीत बाळाची तारीख लिहिलेली असते. त्यांच्याकडून नमुना 1 भरून घ्या आणि ग्रामपंचायतीत द्या. पोर्टलवर सामान्य नागरिक म्हणून नाव नोंदवून घरच्या घरीही अर्ज भरता येतो, पण पुरावे पाहून नोंद मंजूर करणारा निबंधकच असतो.

बाळ 108 च्या रुग्णवाहिकेत किंवा एसटीत जन्मलं तर वाहनाच्या प्रमुखाने पहिल्या थांब्याच्या ठिकाणी कळवायचं असतं. व्यवहारात बहुतेक वेळा रुग्णवाहिका दवाखान्यात पोचते आणि तिथे पुढची तजवीज होते. रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांची नोंद आणि दवाखान्यात दाखल झाल्याचा कागद, दोन्ही सांभाळून ठेवा.

दाखला हाती आल्यावर

नोंद पूर्ण झाल्यापासून सात दिवसांच्या आत, माहिती देणाऱ्याला जन्माचा पहिला दाखला मोफत द्यायचा, असं कायदा सांगतो. तो छापील असो वा ऑनलाइन. पुढच्या प्रतींना थोडं शुल्क असतं.

सीआरएसच्या दाखल्यावर क्यूआर कोड असतो. मोबाइलने तो स्कॅन करा. उघडलेल्या पानावर तुमच्याच बाळाची माहिती दिसायला हवी, आणि पान सरकारी संकेतस्थळाचं, म्हणजे शेवटी ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ असलेलं हवं. जन्म दाखला काढून देणारी बनावट संकेतस्थळं आहेत, त्यांचं नाव आणि मांडणी खऱ्यासारखीच असते. अशा जागेवरून मिळालेला कागद दिसायला चकचकीत असतो, पण सरकारी नोंदवहीत त्याच्यामागे काही नसतं. एजंटकडून ‘लगेच काढून देतो’ म्हणून मिळालेला दाखला तर नक्कीच स्कॅन करा.

मग नोंदणी क्रमांक, नोंदणीची तारीख आणि सगळी नावं दोन्ही भाषांत पुन्हा वाचा. फाइल ईमेलमध्ये, मोबाइलमध्ये आणि घरातल्या आणखी एका माणसाकडे ठेवा. छापील प्रतीला लॅमिनेशन करू नका. परदेशासाठी शिक्के मारून घ्यायची वेळ आली तर लॅमिनेट केलेला कागद चालत नाही.

दाखला मिळाल्यावर लगेच करता येण्यासारखं काम म्हणजे बाळाचं आधार. पाच वर्षांखालच्या मुलाचे बोटांचे ठसे घेत नाहीत, जन्म दाखला आणि आई किंवा वडिलांच्या आधारवर ते निघतं. पुढे पाचव्या आणि पंधराव्या वर्षी ठसे आणि डोळ्यांची नोंद करून आधार अद्ययावत करावं लागतं.

मुदत चुकली तर

21 दिवस उलटले पण 30 दिवसांच्या आत आहात: निबंधकाकडे जा, विलंब शुल्क भरा, नोंद होईल.

30 दिवस उलटले पण वर्षाच्या आत आहात: जिल्हा निबंधकाची किंवा त्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. तुमच्या भागात तो अधिकारी कोण हे ग्रामपंचायत किंवा महापालिकेतून कळेल. पूर्वी इथे नोटरीचं प्रतिज्ञापत्र लागायचं, 2023 च्या दुरुस्तीनंतर स्वतः सही केलेला कागद पुरतो.

एक वर्ष उलटलं तर गोष्ट जड होते. आधी जन्माच्या ठिकाणच्या निबंधकाकडून ‘नोंद आढळत नाही’ असा अनुपलब्धतेचा दाखला घ्यायचा. मग जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी किंवा जिल्हाधिकाऱ्यांनी अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे, म्हणजे बहुतेक ठिकाणी तहसील किंवा प्रांत कार्यालयात, अर्ज करायचा. जन्म कुठे झाला, कधी झाला याचे पुरावे ते तपासतात, आणि त्यांचा आदेश आल्यावरच निबंधक नोंद करतो. 2023 आधी यासाठी न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश लागत असे. महाराष्ट्रात उशिराच्या नोंदींमध्ये खोटे कागद लावल्याच्या तक्रारी आल्या, आणि मार्च 2025 मध्ये शासनाने ही प्रक्रिया बरीच कडक केली. खोटा पुरावा दिला तर पोलिसात गुन्हा दाखल होऊ शकतो. खरा पुरावा असलेल्या माणसालाही आता थांबावं लागतं, तेव्हा दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड, लसीकरण कार्ड, अंगणवाडीची नोंद, शाळेच्या रजिस्टरचा उतारा, जे मिळेल ते मूळ स्वरूपात जमवून मगच अर्ज करा.

चूक राहिलीच तर

जन्म-मृत्यू निबंधकाला चुकीची नोंद दुरुस्त करण्याचा अधिकार आहे. मूळ ओळ खोडली जात नाही. समासात दुरुस्ती लिहून सही आणि तारीख घातली जाते. लेखनिकाची चूक, जसं एखादं अक्षर सुटणं, असेल तर आईवडिलांचे कागद आणि दवाखान्याचं पत्र यावर काम होतं. चूक दवाखान्याच्या अर्जातच असेल तर आधी दवाखान्याकडून ‘आमच्या अर्जात अशी चूक झाली’ असं पत्र घ्यावं लागतं. म्हणून मसुद्याचा फोटो आणि डिस्चार्ज कार्ड जपून ठेवायला सांगितलं. जन्मतारीख किंवा आईवडिलांचं नाव पूर्ण बदलण्यासारखी मोठी दुरुस्ती मागितली तर पुरावाही तेवढाच भक्कम लागतो.

चूक कळल्याबरोबर अर्ज करा. बाळ लहान असताना बाकीचे कागद अजून निघालेले नसतात, त्यामुळे एकच कागद सुधारावा लागतो. दहा वर्षांनी तीच चूक आधार, शाळा आणि बँकेत पसरलेली असते.

काही वेगळ्या परिस्थिती

आई एकटी असेल, वडिलांचं नाव द्यायचं नसेल, तर तिला अडवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2015 मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की अविवाहित किंवा एकल मातेने अर्ज केला तर तिच्या प्रतिज्ञापत्रावर तिच्या मुलाचा जन्म दाखला द्यायला हवा. खिडकीवर कोणी ‘वडिलांचं नाव टाकल्याशिवाय होत नाही’ म्हणालं तर हा निकाल सांगा. अशा आईला खिडकीवर एकटीने जावं लागू नये. घरातलं कोणीतरी सोबत जा.

बाळ जन्मून काही तासांत किंवा दिवसांत गेलं, तर त्याच्या जन्माची आणि मृत्यूची, दोन्ही नोंदी करायच्या असतात. मृत जन्मलेल्या बाळासाठी वेगळा नमुना आहे. त्या दुःखात हे काम आईवडिलांवर टाकू नका, दवाखान्याशी बोलून एखाद्या नातेवाइकाने ते उरकावं.

परदेशात राहणाऱ्या भारतीय आईवडिलांना बाळ तिथे झालं तर तिथली स्थानिक नोंद करायचीच. बाळाला भारतीय नागरिकत्व हवं असेल तर ते दुसऱ्या देशाचा पासपोर्ट धारण करत नाही असं जाहीर करून, जन्मापासून एका वर्षाच्या आत भारतीय दूतावासात किंवा वाणिज्य दूतावासात नोंद करावी लागते. दुबई, मस्कतकडच्या मराठी कुटुंबांना हे सहसा माहीत असतं, नव्याने युरोपात गेलेल्यांना कमी. दूतावासात नोंद न करता भारतात कायमचं राहायला परतलात, तर आल्यापासून 60 दिवसांच्या आत इथल्या निबंधकाकडे नोंद करायची सोय कायद्यात आहे.

काम अडलं तर

तोंडी ‘उद्या या’वर विसंबू नका. अर्ज लेखी द्या, दुसऱ्या प्रतीवर तारीख आणि शिक्क्यासह पोच घ्या. जन्म दाखला ही महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 खाली अधिसूचित सेवा आहे, किती दिवसांत मिळायला हवा तो फलक कार्यालयात लावलेला असावा. निबंधकाने नोंद किंवा दुरुस्ती नाकारली तर नकार लेखी मागा. 2023 च्या दुरुस्तीने त्याविरुद्ध 30 दिवसांत जिल्हा निबंधकाकडे अपील करण्याचा हक्क दिला आहे, आणि जिल्हा निबंधकाच्या निर्णयाविरुद्ध राज्याच्या मुख्य निबंधकांकडे. अपिलावर 90 दिवसांत निर्णय द्यावा लागतो. अपिलाला जोडायला लागेल ती पोच दिलेली प्रत, लेखी नकार आणि दवाखान्याचे कागद.